फादर दिब्रिटो आणि आमची विहीर

(माजी विद्यार्थी मेळावा, २९ डिसेंबर २०२४ : मनोगत)



मला सांगितलं होतं, कॉम्प्युटरवर बोल. बाई, माफ करा, आज ते जमणार नाही. वर्ष संपायला दोन दिवस उरलेत. परवा रात्री आपल्याकडे चर्चमध्ये सरत्या वर्षाचे आभार मानायची मिस्सा होईल, बाहेर पोरं म्हातारा जाळतील. या वर्षी आभार मानताना एक नाव घ्यायलाच हवं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २५ जुलैला गेले.

ते काही आपल्या शाळेत शिकवायला नव्हते. पण ‘सुवार्ता’ आपल्यातल्या कितीतरी घरांत यायचं. १९८३ पासून जवळजवळ पाव शतक त्यांनी ते मासिक चालवलं. ख्रिस्ती समाजाचं मासिक, पण नाताळचा अंक आला की शेजारच्या जोशीकाकू माझ्याआधी न्यायच्या आणि परत द्यायला विसरायच्या! मी घरी कादोडी बोलणारी मुलगी. पुस्तकी मराठी शाळेनं शिकवली, हे खरं. ती आपली वाटायला लागली, ती मात्र त्या अंकांमुळे.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. त्यांनी सोप्या मराठीत आणलेलं बायबल, साहित्य अकादमीचा पुरस्कार, आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून विरोध झाला. पाठीच्या दुखण्यानं ते बेजार होते, तरी गेले. शुक्रवार होता. माझ्या एका कानात ऑफिसची मीटिंग, दुसऱ्या कानात फादर. मीटिंगमध्ये काय ठरलं ते मला आजही माहीत नाही.

पण मला बोलायचंय ते विहिरीबद्दल.

आपण दुसरी-तिसरीत असू. वसईचा हिरवा पट्टा बांधकामाला मोकळा होत होता आणि वाड्यांमधल्या विहिरींचं गोडं पाणी टँकरनं इमारतींकडे चाललं होतं. फादर हरित वसई संरक्षण समिती घेऊन उभे राहिले. त्या काळच्या वसईत उघडपणे बोलायला काय लागायचं, हे इथे बसलेल्यांना मी सांगायला नको. आजी मला एका सभेला घेऊन गेली होती. भाषणातलं एक अक्षर आठवत नाही. आठवतात त्या शेंगा, आणि घरी आल्यावर आजी पप्पांना म्हणाली ते : “वाडी एक वेळ जाईल, विहीर द्यायची नाही.”

१९९८ साली आम्ही दोन्ही दिलं. पाणी मचूळ झालं होतं, केळी धरत नव्हती, पानवेल तर कधीच गेली होती. आणि मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. माझी चार वर्षांची फी त्या पैशातून गेली. बदल्यात एक फ्लॅटही मिळाला. आज मी तिथेच राहते. पप्पांना मी कधी दोष दिला नाही, आजही देत नाही. पण त्यानंतर फादर समोरून येताना दिसले, की मी रस्ता बदलायची. त्यांनी मला ओळखलंही नसतं. मी कोणाची मुलगी, हे त्यांना कुठून माहीत असणार?

निवृत्तीनंतर ते नंदाखालला असत. दर नाताळला ठरवायचे, या वर्षी जायचं, समोर बसायचं आणि सांगून टाकायचं. मग कधी रिलीज, कधी मुलाची परीक्षा, कधी नुसताच कंटाळा. खरं तर भीतीच. जुलैमध्ये अंत्यविधीला गर्दीत मागे उभी राहिले, तेव्हा सांगायला कोणी उरलं नव्हतं. म्हणून आज तुम्हाला सांगते आहे.

विहीर अजून आहे, आमच्या सोसायटीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात, वर लोखंडी झाकण. तीन वर्षं मीटिंगमध्ये भांडून या मे महिन्यात गच्चीवरचं पावसाचं पाणी तिच्यात सोडायला लावलं. दोन जणांनी अजून त्याचे पैसे दिलेले नाहीत, असो. परवाच चव घेऊन पाहिली. मचूळच आहे.

एक तारखेला सकाळी मी नंदाखालच्या चर्चला जाणार आहे. गाडीत तीन जागा आहेत. कोणी येणार असेल तर जेवणाआधी मला सांगा.