नळाचं वय आणि नळाची अवस्था



हवामानबदलाच्या संमेलनात अध्यक्षाने पृथ्वीच्या तापमानाविषयी बोलावं, अशी रीत आहे. मी रस्त्यात खणलेल्या खड्ड्यापासून सुरुवात करतो.

आपण काम करतो त्या डेन्मार्कमध्ये साधारण दोन तृतीयांश घरं डिस्ट्रिक्ट हीटिंगवर, म्हणजे एका केंद्रातून नळांनी घरोघर पोचणाऱ्या गरम पाण्यावर, ऊबदार राहतात. 1973 च्या तेलसंकटाने देश हादरला, 1979 मध्ये उष्णतापुरवठ्याचा कायदा झाला आणि गावोगाव नळ गाडले गेले. त्यांतले बरेच आता चाळिशी ओलांडून बसलेत. आत पोलाद, भोवती पॉलियुरेथेनचा फोम, वर काळं प्लास्टिकचं कवच. सतत 120 अंश सेल्सिअसवर चालून किमान 30 वर्षं टिकावं, असं युरोपीय मानक सांगतं. म्हणून कार्यालयातल्या नकाशावर तिशी उलटलेली वाहिनी लाल होते आणि ती बदलण्याचा खर्च अंदाजपत्रकात शिरतो.

प्रत्यक्षात यांतल्या बहुतेक वाहिन्या 120 अंशांच्या बऱ्याच खाली चालल्या. असा नळ कापून पाहा. पोलादाला लागून असलेला फोम तपकिरी झालेला, पण बाहेरचा अजून पिवळसर, घट्ट. खोट निघते ती जोडावर. वेल्डिंग झालं की तिथे जागेवरच बाही चढवून फोम ओततात, आणि हे काम कधी पावसात, कधी अंधार पडायच्या घाईत उरकलेलं असतं. बाही नीट बसली नाही की जमिनीतलं पाणी शिरतं आणि पोलाद बाहेरून गंजतं. आतून गंज क्वचितच, कारण फिरत्या पाण्यातला प्राणवायू काढलेला असतो. ओल कळावी म्हणून फोममध्ये तांब्याच्या तारा घातलेल्या असतात. कित्येक ठिकाणी त्या आहेत, मोजायला मात्र कुणी जात नाही! (स्वीडनमध्ये पाण्यात हिरवा रंग मिसळतात. न्हाणीघरात हिरवं पाणी आलं, तर गळती कुठे ते शोधायला तज्ज्ञ लागत नाही.)

वय पाहून निकाल देण्याची सवय किती फसवी, ते न्यूयॉर्कने दाखवलं. 18 जुलै 2007 ला मॅनहॅटनमध्ये 1924 सालची वाफेची वाहिनी फुटली. म्हातारी वाहिनी गेली, असंच सगळ्यांना वाटलं. तपासात निघालं ते वेगळंच: दुरुस्तीत वापरलेल्या इपॉक्सीने साचलेलं पाणी बाहेर काढणारी झडप तुंबली होती.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. सरसकट नळ उपसण्याआधी पाण्याचं तापमान उतरवा. डेन्मार्कच्या जाळ्यांत सहाव्या ते पाचव्या हिश्श्याइतकी उष्णता वाटेतच जमिनीत मुरते. पाणी 80 वरून 60 अंशांवर आलं की ही गळती कमी होते, फोम सावकाश म्हातारा होतो, आणि ओडेन्समध्ये होतं तशी डेटा सेंटरची वाया जाणारी उष्णता हीट पंपाने जाळ्यात घेणं स्वस्त पडतं. नवं पोलाद आणि खोदकाम यांचंही कार्बनचं बिल असतं, ते वाचतं ते वेगळंच.

हे फुकटात होत नाही. घरं तापवून केंद्राकडे येणारं परतीचं पाणी गार आलं नाही, तर तेवढीच उष्णता पोचवायला जास्त पाणी ढकलावं लागतं आणि जुना नळ अपुरा पडतो. परतीचं पाणी गरम का येतं? बहुतेक वेळा एखाद्या इमारतीत रेडिएटरची झडप अडकलेली असते. ती बदलायला पाइपवाल्या कंपनीचा माणूस जात नाही, घरमालकाला तर पत्ताच नसतो. आपल्या अंदाजपत्रकांत या झडपांसाठी रकाना हवा. वाफेच्या वाहिन्यांची गोष्ट निराळी. तिथे तापमान हवं तसं उतरवता येत नाही, त्यामुळे कोपनहेगनने आपलं वाफेचं जाळं 2021 पर्यंत गरम पाण्यावर नेलं, ते योग्यच केलं.

आणि एक काम उद्यापासून. कोणत्याही कारणाने खड्डा खणला, की बुजवण्याआधी फोमचा रंग, जोडाची अवस्था, तारांचा रोध आणि छायाचित्र, एवढी नोंद ठेवा. नळ कापावाच लागला, तर हातभर तुकडा भंगारात न टाकता प्रयोगशाळेत पाठवा. दुपारच्या सत्रात या नोंदीच्या तक्त्याचा मसुदा मांडतो आहे. त्यात खोडाखोड करायला पेन घेऊनच या.