समुद्रफेस आणि मोडलेले हाड

रत्नागिरीच्या मांडवीवर फिरताना काळ्या वाळूत पांढरी, हलकी, होडीच्या आकाराची वस्तू तुम्ही पाहिली असेल. तोच समुद्रफेस. नाव फेसाचे, वस्तुतः ते माकुलाच्या पाठीतले कवच. आत असंख्य बारीक कप्पे, म्हणून ते पाण्यावर तरंगते.

आता असे पाहा. अपघातात हाडाचा तुकडाच गेला, तर पोकळी कशाने भरायची? शस्त्रवैद्य बहुधा रोग्याच्याच कमरेचे थोडे हाड काढून तिथे बसवतात. उपाय चांगला, पण दुखणे एक आणि जखमा दोन! शिवाय कमरेतून हाड घेणार तरी किती?

१९७४ साली अमेरिकेत रॉय आणि लिनेहान यांनी पोवळ्याचा सांगाडा फॉस्फेटच्या द्रावणात, दाबाखाली तापवला. चुनखडीचे हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट झाले, म्हणजे जवळजवळ आपल्या हाडातलेच खनिज; आणि गंमत अशी, की छिद्रे होती तशीच राहिली. छिद्रेच तर महत्त्वाची! त्यांतून रक्तवाहिन्या व पेशी आत शिरतात आणि नवे हाड धरते. पोवळ्याचे हे भरण पुढे रोग्यांसाठी वापरात आले. २००५ साली पोर्तुगालातल्या संशोधकांनी समुद्रफेसही असाच पालटून दाखवला. पोवळी तोडणे म्हणजे माशांचे घर मोडणे. माकूल आपण खाण्यासाठी पकडतोच, आणि कवच टाकून देतो.

मात्र हे द्रव्य ठिसूळ. मांडीच्या हाडाचा भार त्याला एकट्याला पेलत नाही, धातूची पट्टी लागतेच. समुद्रफेसाचे काम तर अजून बहुतांशी प्रयोगशाळेतच आहे. तेव्हा किनाऱ्यावरचा तुकडा उगाळून जखमेवर लावू नका हो!