बातमी कुणी दिली?

(माधवनगर इथे तरुण वाचकांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मला बोलावताना सांगितलं गेलं, 'तू कादंबरी लिहितोयस, त्यावर बोल.' कादंबरी म्हणजे माझ्या लॅपटॉपमधली अकरा प्रकरणांची एक फाइल आहे आणि ती पाच महिने मी उघडलेली नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. लिहिणं हा काही माझा धंदा नव्हे. पण ती कादंबरी का अडली हे सांगायला माधवनगरइतकी योग्य जागा दुसरी नाही, कारण आमचं घर इथं का आलं, हाच तिचा विषय आहे.

घरात सांगायचे ते एवढंच : पणजोबा तासगाव तालुक्यातल्या एका गावचे मुलाणी. तिथं पोट भरेना, म्हणून इथं आले. पुढे दादा कॉटन मिलमध्ये लागले. कोणत्या साली आले, असं विचारलं की विषय बदलायचा. आमच्या कामात रिकामा रकाना दोन प्रकारचा असतो. शून्य म्हणजे तिथं काही नव्हतं. नल म्हणजे असेलही, पण नोंद नाही. आमच्या घरात 1942 ते 1946 हा रकाना नल होता.

ती वर्षं या भागात काय होती, ते तुम्ही शाळेत शिकलात. सांगली जिल्हा तेव्हा नव्हता. तासगाव, वाळवा हे सगळं सातारा जिल्ह्यात. 3 सप्टेंबर 1942 ला तासगाव कचेरीवर मोर्चा गेला. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली. 24 जुलै 1943 ला वसंतदादा पाटील आणि साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार गावोगावी न्याय करत होतं, दारू बंद करत होतं, कमी खर्चात लग्नं लावत होतं. भूमिगत माणसं रानात, वस्तीवर, कुणाच्या तरी माळ्यावर राहायची. हे सगळं एका गोष्टीवर टिकून होतं : गावाने तोंड बंद ठेवायचं. जो उघडेल त्याच्या तळपायावर काठ्या बसायच्या. 'पायाला पत्री ठोकली' ही भाषा त्यातूनच पसरली आणि प्रतिसरकारचं पत्री सरकार झालं.

तीन वर्षांपूर्वी अब्बांच्या फुफीने मला सांगितलं. ती आता अठ्ठ्याऐंशीची आहे. मी तिचा मोबाइल दुरुस्त करत बसलो होतो आणि काही न विचारताच ती म्हणाली, "अब्बा ने फौजदार को बोल दिया था."

मुलाण्याला गावात सगळ्या घरी जावं लागे. कुणाच्या घरी जत्रेचं बोकड कापायचं आहे, कुणाकडे अचानक चार माणसांचा स्वयंपाक वाढलाय, हे त्याला सहज कळायचं. पणजोबांनी ते सांगितलं. दोन दिवसांनी पहाटे पोलीस आले, माळ्यावरचा माणूस आणि घरमालक दोघांना घेऊन गेले. पैसे मिळाले का, फुफीला माहीत नाही. "डर गए थे," एवढंच ती म्हणते. पत्री ठोकायला कुणी आलं नाही. कुणाला संशयच नव्हता. पण पणजोबांना झोप येईना. महिन्याभरात बैलगाडीत भांडीकुंडी घालून ते निघाले. बुधगाव तेव्हा मिरज धाकटी पाती संस्थानची राजधानी. सातारा जिल्ह्याचे पोलीसही इकडचे नव्हेत आणि गावही इकडचं नव्हे.

हे ऐकलं त्याच सुमारास मी एक फ्रेंच कादंबरी इंग्रजीतून वाचली : अलिस झेनितेरची 'द आर्ट ऑफ लूझिंग'. मूळ 2017 ची. अल्जेरियाच्या स्वातंत्र्ययुद्धात, 1954 ते 1962, जे स्थानिक मुसलमान फ्रेंच सैन्याच्या बाजूने होते त्यांना 'हार्की' म्हणतात. अल्जेरियात ते गद्दार. फ्रान्सला आले तर रिव्हझाल्तसारख्या छावण्यांत काटेरी तारांमागे. कादंबरीतल्या नईमाचे आजोबा हार्की, वडील त्यावर एक शब्द बोलत नाहीत, आणि ती स्वतः अल्जेरिया बघायला निघते. लेखिकेच्या स्वतःच्या घराचाही हाच इतिहास. मला वाटलं, हिने लिहिलं तर मीही लिहू शकतो. तिची भाषा कुठे आणि माझी कुठे, ते सोडा.

माझा चुलतभाऊ चिडला. म्हणाला, "आधीच आपण कमी ऐकतोय का? तू आयता पुरावा देतोयस." त्याचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. पंधरा ऑगस्टला आपण यादी वाचतो : अशफाकउल्ला, मौलाना आझाद, युसूफ मेहेरअली, 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी गेलेले सोलापूरचे कुर्बान हुसेन. ही यादी मी स्वतः वाचलेली आहे, माइक हातात घेऊन. आपल्याला ती वाचावी लागते, शेजाऱ्याला लागत नाही, याचा मला राग येतो. पण त्या यादीत आमचे पणजोबा कुठेच बसत नाहीत, आणि माझं घर तर त्यांच्यापासून सुरू होतं. खबरे सगळ्या जातीधर्मांचे होते हेही खरंच. मात्र ते वाक्य मी माझ्या घरासाठी पळवाट म्हणून वापरणार नाही.

तर मी लिहीत गेलो. दहाव्या प्रकरणापर्यंत मजेत होतो, खरं सांगायचं तर. पणजोबांची भीती, ती बैलगाडी, सगळं छान जमत होतं. मग माळा कसा असतो ते बघायला म्हणून त्या गावात गेलो. ते घर अजून आहे. पकडलेल्या घरमालकाचे नातू सत्तरीचे, गाव त्यांना आबा म्हणतं. 'बेचाळीसच्या आठवणी गोळा करतोय,' असं मी सांगितलं. त्यांनी शिडी लावून माळा दाखवला, चहा दिला. मी विचारलं, "आबा, बातमी कुणी दिली होती?"

"कुणी म्हणजे? आमच्याच भावकीनं," ते म्हणाले. बांधाचं भांडण होतं, त्याचा सूड घेतला, असं त्यांचे वडील मरेपर्यंत सांगत होते. समोर बोट केलं. रस्त्यापलीकडचं, निळ्या दाराचं घर. ऐंशी वर्षं या घरातलं लग्नाचं आमंत्रण त्या घरात गेलेलं नाही. मयतीला ती माणसं लांब उभी राहतात. "गद्दाराचं घर," आबा म्हणाले आणि माझ्यापुढे बिस्किटांची ताटली सरकवली.

मी बिस्किट खाल्लं. "येतो आबा," म्हटलं आणि गाडीत बसलो. तासगाव येईपर्यंत गाणी लावली नाहीत.

तेव्हापासून फाइल बंद आहे. अकरावं प्रकरण अर्ध्यावर आहे. घरातलं गुपित फोडलं म्हणून मी स्वतःला शूर समजत होतो. आपण गप्प राहिल्याने नुकसान झालं ते आपलंच, असा माझा समज होता. निळ्या दारामागे कोण राहतं, त्यांची नावंही मला माहीत नाहीत.

येत्या रविवारी परत जातोय. अब्बा सोबत येणार आहेत. फुफीचं म्हणणं आहे की आधी निळ्या दाराच्या घरी जायचं. अब्बा म्हणतात, आधी आबांकडे. अजून ठरलेलं नाही. आबांना फोन करून वेळ घेतली आहे. ते म्हणाले, "या, जेवायलाच या." कशासाठी येतोय, ते फोनवर सांगितलेलं नाही.