पासपोर्ट, पोलीस आणि आपल्यावरच्या केसेस
(कार्यकर्ता शिबिरातल्या बोलण्याचा मजकूर, 2008)



वनहक्काचे दावे आत्ता कुठे भरायला लागलोय, गायरानाचा तुकडा नावावर होत नाही, आणि हे पासपोर्टचं काय मध्येच काढलं, असं सकाळी दोघातिघांनी विचारलं. बरोबर आहे. पण गेल्या सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रसंघाने आदिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला, भारत सरकारने त्याच्या बाजूने मत दिलं. उद्या जिनिव्हात त्यावर बोलायला कोण जाणार? ज्यांच्यावर केसेस नाहीत ते. आपल्यावर आहेत. रास्ता रोकोची आहे, फॉरेस्टची आहे, सरकारी कामात अडथळ्याची तर घरटी एक. आखातात कामाला जायचं म्हणणाऱ्या आपल्या पोरांची नावंही त्याच कागदांत आहेत.

फिरायला पोलिसांचा कागद लागतो, हे आपल्या दोन जिल्ह्यांना नवं नाही. गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारधी, रामोशी यांच्या आज्यापणज्यांनी रोजची हजेरी दिलीय, गाव सोडायला पास मागितलाय. तो कायदा मुंबई राज्यात 1949 ला आणि देशभर 1952 ला गेला. ठाण्यातली सवय काही गेली नाही.

आता कायदा. पासपोर्टचा कायदा 1967 चा. पासपोर्ट देणं, नाकारणं, अडकवून ठेवणं हे अधिकार पासपोर्ट अधिकाऱ्याचे आहेत. आपला अर्ज पुण्याला जातो, चौकशी मात्र आपल्याच ठाण्यात येते. तिथला हवालदार ‘पासपोर्ट देणार नाही’ म्हणाला तर समजा की तो फक्त अहवाल देऊ शकतो, निर्णय त्याचा नाही. अहवाल वाईट दिला तर त्रास होतो, ते आपण भोगतोच आहोत.

नाकारण्याचं जे कारण आपल्याला लागू पडतं ते कलम 6 मधलं: गुन्ह्याचा खटला फौजदारी कोर्टात चालू असणं. शब्द नीट ऐका. ‘कोर्टात चालू’. नुसता गुन्हा नोंदवला, चार्जशीटच नाही, तर कोर्टात काय चालू आहे ते दाखवा म्हणायचं. आणि 107 ची चॅप्टर केस हा गुन्हाच नव्हे, शांतता राखण्याची हमी आहे. पोलीस सगळं एकाच रकान्यात घालतात.

खटला खरोखर चालू असेल तरी दार बंद नाही. 25 ऑगस्ट 1993 ची केंद्र सरकारची अधिसूचना आहे. ज्या कोर्टात खटला आहे, मग ते कराडचं असो की इस्लामपूरचं, तिथे अर्ज करून परदेशी जायची परवानगी घ्यायची. कोर्ट सांगेल तेवढ्या मुदतीचा पासपोर्ट मिळतो, मुदत सांगितली नसेल तर एक वर्षाचा. तारखेला हजर राहीन, असं लिहून द्यावं लागतं. वकील हे सांगत नाहीत, कारण बऱ्याच जणांना हे माहीतच नाही.

फॉर्मवर केस लपवायची नाही. ‘कशाला लिहायचं, कोण बघतंय’ असं एजंट म्हणतो. तो पैसे घेऊन मोकळा होतो. खोटी माहिती दिली तर कलम 12 खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि त्याच संशयावरून फौजदार घरात शिरून पासपोर्ट घेऊ शकतो. आपणच त्याच्या हाती कोलीत कशाला द्यायचं?

मुख्य गोष्ट आता. आमच्यातल्या एका कार्यकर्त्याला मोर्च्यानंतर ठाण्यात बोलावलं, पासपोर्ट काढून घेतला आणि महिनोन्‌महिने कपाटात ठेवला. ना पंचनामा, ना पावती. याच जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने सुरेश नंदा विरुद्ध सीबीआय या खटल्यात निकाल दिला. नंदा मोठा उद्योगपती, आपला कुणी नव्हे. पण निकाल आपल्याला तितकाच लागू आहे. तपासात पोलीस कलम 102 खाली पासपोर्ट जप्त करू शकतात, पण अडकवून ठेवू शकत नाहीत. तो ठेवून घ्यायचा तर पासपोर्ट अधिकाऱ्याकडे पाठवायचा, आणि त्याने आपलं म्हणणं ऐकून ठरवायचं. फौजदारी कोर्टालाही कलम 104 खाली तो अडकवता येत नाही. म्हणणं ऐकायचं हे तीस वर्षांपूर्वीच ठरलंय. जनता सरकारने मनेका गांधींचा पासपोर्ट मागून घेतला आणि ‘जनहितार्थ’ म्हणून कारण सांगायचं टाळलं, तेव्हा 1978 मध्ये. म्हणून पासपोर्ट घेतला की पावती आणि पंचनाम्याची नक्कल मागा. देत नसतील तर त्याच दिवशी पोलीस अधीक्षकांना, सातारा की सांगली ते बघून, रजिस्टर पोस्टाने कळवा आणि एक प्रत पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाला पाठवा.

कागदपत्रांचं. तुमची फाईल, फोटो, पत्ता, सगळं पासपोर्ट कार्यालयात असतं. तपास चालू असेल तर ठाणे अंमलदार कलम 91 खाली लेखी हुकूम काढून ते मागवू शकतो. लेखी, तोंडी नव्हे. पण तीच फाईल आपणही मागू शकतो. माहिती अधिकाराचा अर्ज करायचा, दहा रुपये फी, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तीही नाही. ‘माझ्या अर्जावर पोलिसांनी पाठवलेल्या अहवालाची प्रत द्या’, एवढंच लिहायचं. तपासाला अडथळा येईल असं सांगून नाकारू शकतात, पण मग ते लेखी सांगावं लागतं आणि त्यावर अपील होतं. पासपोर्ट नाकारला तर कारण लेखी मागायचं, कलम 11 खाली अपील आहे, त्याची मुदत चुकवू नका.

जेवणानंतर ज्यांच्यावर केसेस आहेत त्यांनी केस नंबर आणि कोर्टाचं नाव घेऊन बसा. चार्जशीट झालंय की नाही ते आधी बघू.