मुरलेला थकवा आणि आपली टॉनिकची बाटली

(आरोग्य कार्यकर्त्यांच्या बोरिवली येथील बैठकीत एका वैद्य भगिनींनी केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



मला विषय दिला आहे ‘आयुर्वेद आणि दीर्घकाळचा थकवा’. माझा दवाखाना मुलुंडला आहे. ‘अंगात जीवच नाही हो’ असं म्हणत कोणी आलं नाही, असा दिवस तिथे क्वचित जातो. रोज सीएसएमटीपर्यंत उभ्याने जाणारे, परीक्षांच्या पेपरांनी वाकलेल्या शिक्षिका, कोविडनंतर पूर्वीसारखे न झालेले तरुण. सगळ्यांच्या फायलीत रिपोर्ट असतात आणि बहुतेक नॉर्मल असतात.

महिन्यातून एकदा-दोनदा मी तुमच्याबरोबर राष्ट्रीय उद्यानातल्या आणि आरेतल्या पाड्यांवर येते. तिथली बाई थकव्याची तक्रारच करत नाही. मावशी, कसं काय, म्हटलं तर ‘बरं हाय’. खोदून विचारलं की ‘पाय भरून येतात’, ‘चढताना धडधडतं’. पहाटे पाणी, मग भाजीची पाटी घेऊन गोरेगाव किंवा बोरिवली स्टेशन, नाहीतर इमारतींतली धुणीभांडी, संध्याकाळी पुन्हा चूल. तिच्याकडे एकही रिपोर्ट नसतो.

या दोघींना एकच औषध द्यायचं का? पहिली काही वर्षं मी तेच करत होते. शिबिरात टेबलावर बाटल्या मांडायच्या, रांग लावायची, प्रत्येकीच्या हातात एक. फोटो छान यायचे.

आपल्या ग्रंथांनी हे दोन थकवे वेगळे ठेवलेत. सुश्रुताने ‘क्लम’ सांगितला आहे: श्रम न करता आलेला थकवा, ज्यात दम लागत नाही, पण डोळे, कान, मन आपापलं काम नीट करत नाहीत. मुलुंडच्या पुष्कळ रुग्णांचं वर्णन हेच आहे. चरकाने चिकित्सास्थानाच्या सोळाव्या अध्यायात ‘पांडुरोग’ सांगितला, त्यात फिकेपणा आहे, छातीत धडधड आहे, थोड्या श्रमाने दम लागणं आहे, चढताना पोटऱ्या आणि कंबर दुखणं आहे, चिडचिड आहे, बोलणं कमी होणं आहे. माती खाल्ल्याने होणारा पांडू त्याने वेगळा नोंदवला आहे. आपल्याकडे भिंतीची माती, पाटीवरची पेन्सिल खाणाऱ्या मुली तुम्हीही पाहिल्या असतील. मी ‘कमी बोलते’ हे वाचून थांबले होते. पाड्यावरच्या बायका लाजाळू असतात असं आपण सहज म्हणतो. त्यातल्या किती जणी नुसत्या दमलेल्या असतील?

तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा: चढ चढताना दम लागतो का? लागत असेल तर खालची पापणी ओढून बघा, नखं बघा, आणि रक्ततपासणीला पाठवा. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन बारा तरी हवं, गरोदर असेल तर अकरा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी निघालं. आठच्या खाली आकडा आला तर माझ्याकडे आणू नका, थेट रुग्णालयात न्या. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळी ताप, वजन उतरलेलं असेल तर आधी थुंकीची तपासणी; क्षयाचा थकवा काढ्याने जात नाही.

आता माझी चूक सांगते. आरेतल्या एका पाड्यावरची सोळा-सतरा वर्षांची मुलगी, आई जव्हारकडची. फिकट, थकलेली. मी डोळ्यांनी पांडू ओळखला आणि नवायस लोह सुरू केलं. नऊ वनस्पती आणि त्यांच्याइतकंच लोहभस्म, उत्तम औषध आहे, आजही वापरते. तीन महिन्यांत फरक शून्य. थंडी पडली की तिचे सांधे असह्य दुखायचे, डोळे मधूनच पिवळे दिसायचे. मी आईला म्हटलं, वाढीचं वय आहे. पुढच्या पावसाळ्यात ती वेदनेने तळमळत पालिकेच्या रुग्णालयात गेली आणि तिथे निदान झालं: सिकलसेल. तिच्या रक्तपेशी लवकर फुटत होत्या, लोहाची कमतरता हे कारणच नव्हतं. नको असलेलं लोह शरीरात साठतं, ते सहज बाहेर पडत नाही. मी तिची तपासणी आधी केली असती तर एवढं वर्ष वाया गेलं नसतं. तिने मला एका शब्दाने विचारलं नाही, हे मला जास्त लागलं.

भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींमध्ये झाली. आपल्याकडे पालघर, नंदुरबार, गडचिरोलीत तो आहे, आणि आपल्या पाड्यांचे सोयरेसंबंध पालघरशी आहेत. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे. ही तपासणी आयुष्यात एकदाच करावी लागते. आईवडील दोघंही वाहक असतील तर मुलाला आजार होऊ शकतो, म्हणून लग्नाआधीच ती झालेली बरी. वाहक असणं म्हणजे आजारी असणं नव्हे, हे मात्र घरात बसून नीट समजावा. नाहीतर मुलीचं लग्न मोडेल आणि दोष आपला असेल.

उपचाराचं बोलते. चरकाने सूत्रस्थानात क्षीण झालेल्यांचे दोन भाग केलेत. ‘सद्यःक्षीण’ म्हणजे आजच दमलेला: ताप, उपास, दिवसभराची मजुरी. त्याला सातूच्या पिठात खजूर-मनुका कालवून पाणी द्या, झोपू द्या, सकाळी तो उठतो. ‘चिरक्षीण’ म्हणजे मुरलेला थकवा. असा माणूस एकदम भरत नाही. रोजच्या, लांबलेल्या पोषणाच्या सवयीनेच भरतो, आणि वैद्याने तिथे घाई करू नये, अग्नी, मात्रा, काळ पाहून जावं, असं ग्रंथ स्पष्ट सांगतो. भूक मेलेली, जिभेवर थर आहे अशा बाईला च्यवनप्राश दिला तर तो पचतच नाही. आधी भूक आणावी लागते: सुंठ घालून उकळलेलं पाणी, मऊ भात, मुगाचं कढण. पोटात जंत असतील तर ते आधी काढायचे. पाड्यावर अनवाणी फिरणाऱ्यांत आकडेकृमी असतात आणि तेही रक्त पितात.

चरकाच्या ‘श्रमहर’ गणात दहा द्रव्यं आहेत: द्राक्षं, खजूर, चारोळी, बोर, डाळिंब, रानअंजीर, फालसा, ऊस, जव, साठेसाळीचा तांदूळ. मला ही यादी फार आवडते, कारण त्यात एकही बाटली नाही. निम्मी यादी रानातली आहे. पाड्यावरच्या आज्यांना शेवळं काकडं घालून कशी खाजवत नाहीत, टाकळा कधी कोवळा असतो, हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं. त्यांच्याच सुना आता टाकळा स्टेशनवर विकतात आणि घरी दहा रुपयांचं बिस्किट आणतात. सुनांना दोष देऊ नका, पोराला बिस्किट हवं असतं. एवढंच सांगा: विकायच्या पाटीतली एक जुडी घरची. भाजी लोखंडी कढईत, वर लिंबू पिळून, आणि चहा जेवणानंतर लगेच नको, तासाभराने. चहा लोह अडवतो.

मुलुंडच्या माझ्या रुग्णांना, म्हणजे रिपोर्ट नॉर्मल असलेल्यांना, मी दुसरी गोष्ट सांगते. व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, हा ग्रंथांचा नियम. ज्यांना आज थोडं जास्त चाललं की उद्या-परवा अंथरुणाला खिळावं लागतं, त्यांनी तर अर्ध्याच्याही अलीकडे थांबावं. ‘जिमला जा, बरं वाटेल’ हा सल्ला या लोकांचं नुकसान करतो. अश्वगंधाही सरसकट नको. गरोदरपणात आणि थायरॉइड वाढलेलं असताना तर नाहीच.

पाड्यावरच्या बाईला मात्र ‘अर्ध्या शक्तीने काम कर’ असं कोणत्या तोंडाने सांगणार? तिचा हंडा अर्धा करणं आपल्या हातात नाही. नळासाठी वॉर्ड ऑफिसला अर्ज करणं आहे. मी तो औषधोपचारात धरते.

म्हणून माझी विनंती: वर्षाचं एक मोठं शिबिर रद्द करा. त्याच पैशात तीनच पाडे घ्या आणि वर्षभर दर महिन्याला त्याच बायकांकडे जा. एक वही, हिमोग्लोबिनचा आकडा, वजन, आणि ‘चढताना दम लागतो का’ याचं उत्तर. आधी तपासणी, मग औषध. देणगीदारांना दाखवायला फोटो कमी मिळतील, ते मी त्यांच्याशी बोलेन.

पुढच्या फेरीला वह्या मी आणते. वजनकाटा तेवढा कोणीतरी नवीन बघा, जुन्याचा काटा बेचाळीसवर अडकतो.