ब्रश कुणाच्या हातात?

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या घरी फिजिओथेरपी, शाळा, दाखले या धावपळीत दातांचा नंबर शेवटी लागतो. त्यात आईचा दोष नाही. पण बारा-तेराव्या वर्षी दुसऱ्या कायमच्या दाढा येतात आणि त्याच वयात हिरड्याही चटकन सुजू लागतात. तिथून पुढे गेलेला दात परत येत नाही.

या मुलांची लाळ गळते ती जास्त सुटते म्हणून नव्हे. ओठ मिटणं आणि गिळणं नीट जमत नाही, म्हणून ती बाहेर येते. लाळ दातांची राखणदार असते. ती आटवायला ग्लायकोपायरोलेटसारखं औषध दिलं, की शर्ट कोरडा राहतो, पण तोंडही कोरडं पडतं आणि किडीला मोकळं रान मिळतं. औषध चूक नाही. मात्र ते सुरू होताच दात तपासायला हवेत. फिटसाठीच्या फेनिटॉइनने हिरड्या वाढून दातांवर चढतात. म्हणून गोळी परस्पर बंद करू नका, ती देणाऱ्या डॉक्टरांशी बोला. नळीतून जेवणाऱ्याला ब्रश कशाला, असंही विचारतात. उलट त्याच्या दातांवर किटण अधिक साचतं, आणि तोंडातले जंतू फुप्फुसात उतरले तर न्यूमोनिया होऊ शकतो.

ब्रश करताना आडवं झोपवू नका. खुर्चीत बसवा, मागून डोक्याला आधार द्या, हनुवटी किंचित खाली ठेवा. ब्रश लागताच जबडा गच्च मिटतो. तो हट्ट नसतो, ती प्रतिक्षिप्त क्रिया असते. ब्रश ओढू नका. थांबा, जबडा सैल होऊ द्या. दातांच्या मध्ये बोट कधीच घालू नका. थुंकता येत नसेल तर फ्लोराईड पेस्ट नुसती चोपडण्यापुरती घ्या, फेस ओल्या गॉझने टिपा. चूळ भरायला लावू नका.

आता मला खरं म्हणायचंय ते. पंधरा वर्षांच्या मुलीच्या तोंडात रोज दुसऱ्याचा हात जातो. तिला बोलता येत नसेल, पण मत असतंच. पेस्टची चव तिला निवडू द्या, ‘थांब’ची एक खूण ठरवा आणि ती पाळा. हाताला थोडी पकड असेल तर दांड्यावर सायकलच्या हँडलची मूठ चढवा. पहिली फेरी तिची, दुसरी तुमची. मुलगा वयात आला की वडिलांनी ब्रश हाती घ्यायला काय हरकत आहे? (पुढच्या रांगेतले वडील हसतायत, म्हणजे समजलं!)

सभागृहातल्या दंतवैद्यांना एक विनंती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सीचं नाव आहे, पण आपले किती दवाखाने लिफ्ट नसलेल्या जिन्यावर आहेत! निदान आठवड्यातून एक सकाळ या मुलांसाठी राखा, आणि पहिल्या भेटीत हत्यार न उचलता फक्त ओळख करून घ्या.