विजेची तहान आणि जनतेचे पाणी
(बसवनगुडी, बंगळूरू येथील मराठी भाषकांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आपण ज्या वस्तीत जमलो आहोत तिच्या शेजारीच केंपांबुधी तलाव आहे. तळे ही माणसाने बांधलेली, अनेकांच्या श्रमातून उभी राहिलेली सार्वजनिक मालमत्ता असते, हे बंगळूरूकरांना वेगळे सांगावयास नको. आज मी अशाच, परंतु औष्णिक विद्युत केंद्रांसाठी बांधलेल्या जलाशयांविषयी बोलणार आहे.

कोळशातील उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशाहून थोडा अधिक भागच विजेत रूपांतरित होतो. उरलेल्यापैकी काही धुराड्यातून जातो, बराचसा पाण्यास द्यावा लागतो. चक्र फिरवून बाहेर पडलेली वाफ संघनकात थंड करून तिचे पुन्हा पाणी केले नाही, तर चक्राची शक्ती घटते. हे थंडावण्याचे काम दोन प्रकारे होते. एक तर तलावाचे पाणी आत घेऊन गरम झालेले पुन्हा तलावातच सोडावयाचे. किंवा उंच शीतन मनोऱ्यांतून तेच पाणी फिरवीत राहावयाचे. दुसऱ्या पद्धतीत पाणी कमी उचलावे लागते. पण जे वाफ होऊन आकाशात जाते ते कायमचे खर्ची पडते.

हा खर्च किती? केंद्र सरकारच्या 2015 च्या नियमाने जुन्या मनोरेधारी केंद्रांना एका युनिटमागे साडेतीन लिटरची मर्यादा घातली. आकडा लहान दिसतो. परंतु 1000 मेगावॉटचे केंद्र पूर्ण क्षमतेने एक दिवस चालले, तर 2 कोटी 40 लाख युनिट वीज निर्माण होते आणि 8 कोटी 40 लाख लिटर पाणी लागते. माणशी 135 लिटर धरल्यास हे सहा लाखांहून अधिक लोकांचे एका दिवसाचे पाणी होय!

पाऊस भरपूर असतो तोवर हा हिशेब कोणी मांडीत नाही. अवर्षण आले की तो आपोआप मांडला जातो. चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र इरई धरणावर अवलंबून आहे आणि त्याच धरणातून शहरासही पाणी मिळते. 2010 च्या उन्हाळ्यात इरई आटली आणि तेथील संच बंद ठेवावे लागले. बीड जिल्ह्यातील परळीचे केंद्र तर फेब्रुवारी 2013 मध्ये पाण्याअभावी संपूर्ण थांबले. संच थांबला की कंत्राटी कामगाराची हजेरीही थांबते. आणि संच चालू ठेवावा तर वरच्या गावचा शेतकरी विचारतो, आमच्या पिकाचे काय? अशा वेळी एकाच टंचाईने गांजलेल्या या दोघांस परस्परांसमोर उभे केले जाते. आपण या सापळ्यात सापडता कामा नये.

कारण पाणी कोणास आधी द्यावयाचे हे आभाळ ठरवीत नाही, धोरण ठरविते. महाराष्ट्राच्या 2003 च्या जलनीतीने उद्योगांस शेतीच्या आधी स्थान दिले होते. विदर्भात सिंचनाचे पाणी वीज प्रकल्पांकडे वळविण्याविरुद्ध शेतकरी उभे राहिले, त्यावर राज्यभर वाद झाला आणि 2011 मध्ये शेतीस पुन्हा पिण्याच्या पाण्याखालोखाल स्थान मिळाले. लोकमताच्या रेट्याने धोरण बदलते, याचा हा पुरावा आहे.

वीज नको, असे आपण म्हणत नाही. शिवनसमुद्रच्या विजेने 1905 मध्ये उजळलेल्या या शहरात तर तसे म्हणणे हास्यास्पद ठरेल. आपले म्हणणे असे की, पर्याय उपलब्ध आहेत. नागपूरचे शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या केंद्रास दिले जाते. 2016 च्या केंद्रीय वीजदर धोरणाने, सांडपाणी शुद्धीकरण केंद्रापासून 50 किलोमीटरच्या आतील औष्णिक केंद्रांना असे पाणी वापरणे बंधनकारक केले. राखेबरोबर वाहून जाणारे पाणी परत वापरता येते.

म्हणून आपली मागणी साधी आहे. प्रत्येक केंद्राने किती पाणी उचलले याचा हिशेब दरमहा गावाच्या चावडीवर लागला पाहिजे. अवर्षणातील वाटपाचा क्रम अवर्षणापूर्वी, शेतकरी आणि कामगार या दोघांच्या प्रतिनिधींसमक्ष ठरला पाहिजे. आणि पाण्याअभावी संच बंद पडला, तर त्या दिवसांची मजुरी कंत्राटी कामगारास मिळालीच पाहिजे. जलाशय जनतेच्या श्रमातून उभा राहिला आहे. त्याच्या पाण्याचा जाब विचारण्याचा अधिकारही जनतेचाच आहे.